डोमकावळा किती वेळात पोचतो? (ड्रॅगनवाल्या मालिका, त्यांची गती आणि मेथीच्या जुड्या)

पाचपाखाडीकर

जूनच्या पहिल्या पावसात सोसायटीच्या जिन्यावर पाय घसरला. लिगामेंट गेलं, सहा आठवडे पाय उशीवर. पहिला आठवडा मोबाईलवर वाया घालवला आणि दुसऱ्या आठवड्यात 'गेम ऑफ थ्रोन्स' पहिल्यापासून लावलं. पहिल्या वेळी २०११ ते २०१९ अशी आठ वर्षं लागली होती, या वेळी ७३ भाग पाच आठवड्यांत उरकले.

या वेळी सोबत आई होती. आई निवृत्त शिक्षिका, चष्मा पुसत पुसत सबटायटल वाचते. आधी स्वयंपाकघरातून नुसतं ऐकायची, मग परात आणि मेथीची जुडी घेऊन सोफ्यावर येऊन बसली. (तसले प्रसंग आले की "कुकर बघून येते" म्हणून उठायची. कुकर लावलेलाच नसला तरी. रिमोट माझ्याकडे होता, पण तिचा अंदाज माझ्यापेक्षा अचूक.)

चार-पाच दिवसांत लक्षात आलं की भाग कसा चाललाय हे परातीकडे बघूनही कळतं. तिसऱ्या सीझनचा नववा भाग, ते कुप्रसिद्ध लग्न. दार लावलं जातं, वरच्या सज्जातले वादक चाल बदलतात, कॅटलिन शेजारी बसलेल्या बोल्टनची बाही वर करते तर आत चिलखत. आईच्या बोटांत मेथीची एक काडी होती, ती भाग संपेपर्यंत तिथेच. उलट आठव्या सीझनचा तिसरा, ८२ मिनिटांचा, सगळ्या जगाचा निकाल लावणारी लढाई. दोन जुड्या निवडून झाल्या, वर लसूण सोलून झाला. मध्ये एकदा म्हणाली, "ट्यूब बंद कर, काही दिसत नाहीये." केली. तरी दिसलं नाही.

पण धागा काढायचं कारण सातव्या सीझनचा सहावा भाग. जॉन स्नो आणि मंडळी भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यातल्या खडकावर अडकलीयत, भोवती मेलेल्यांचं सैन्य. गेंड्री धावत किल्ल्यावर, किल्ल्यावरून डोमकावळा पार ड्रॅगनस्टोनला, तिथून डेनेरिस तीन ड्रॅगन घेऊन हजर. आईने विचारलं, "कावळा किती वेळात पोचला?"

म्हटलं, अगं, गोष्ट आहे ती.

"गोष्ट आहे म्हणूनच विचारतेय. खरं असतं तर विचारलं नसतं."

आता याच मालिकेचा पहिला भाग आठवा. राजा विंटरफेलला पोचतो, घोड्यावरून उतरतो न उतरतो तोच मेलेल्या प्रेयसीच्या समाधीकडे निघतो, तर राणी सर्सी सुनावते की महिनाभर प्रवास करून आलोय, मेलेले थांबतील थोडे. एका वाक्यात राज्य केवढं आहे ते कळलं आणि संसार कसा चाललाय तेही. दुसऱ्या भागाचं नावच मुळी 'द किंग्जरोड'. रस्त्यात नदीकाठी आर्या आणि खाटकाचा पोरगा लुटुपुटीची तलवारबाजी करतात, जॉफ्रीला लांडगीण चावते, आणि शिक्षा होते ती त्या पोराला आणि भलत्याच लांडगिणीला. दोन घराण्यांतली अढी तिथे पक्की झाली. राजधानीत नाही, रस्त्यात.

शेवटचे दोन सीझन पळवले म्हणून बिघडले असं सगळे म्हणतात. मला वाटतं, पळायला हरकत नव्हती. सातव्या सीझनपासून मालिका विनातिकीट प्रवास करायला लागली, ती माझी तक्रार आहे.

आता आईचा 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'चा (त्याच राज्याची, बऱ्याच आधीच्या काळातली मालिका) पहिला सीझन संपलाय. त्यावर लोक बरोबर उलटी ओरड करतात, रटाळ म्हणून. म्हणून विचारतो: तुमच्या मते कोण कुठे चुकलं?

नेरूळची_नणंद

आधी मूलभूत शंका. जूनमध्ये मेथी? कुठे मिळाली आणि काय भावाने?

बाकी जुडी हे माप फार आवडलं. पुरस्कारसुद्धा असेच द्यावेत. माझं मत: आठव्या सीझनचा दुसरा भाग शून्य जुडी. लढाईच्या आदली रात्र, सगळे शेकोटीभोवती बसलेत, पितायत, उद्या मरणार हे माहीत आहे. घडत काहीच नाही. जेमी ब्रिएनला गुडघ्यावर बसवून नाइट करतो आणि तिच्या चेहऱ्यावर हसू येतं, बस. नेरूळ ते ठाणे ट्रान्स-हार्बरमध्ये मोबाईलवर पुन्हा बघत होते, रबाळेला डोळे पुसले, समोरच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

घाईतल्या सीझनमधला सगळ्यात निवांत भाग सगळ्यात चांगला निघाला, याचा अर्थ काय लावायचा?

पाचपाखाडीकर

गावदेवी मार्केट. भाव विचारून जखमेवर मीठ चोळू नका. निम्म्या वेळा गवार असायची, पण गवारीच्या शेंगांत माप नीट बसत नाही.

कोपरी_कट्टा

दिवे घ्या, पण मला या रडगाण्याचा कंटाळा आलाय. बघताना कुणी रडत नव्हतं, रडायला लागले ते नंतर फोन उघडल्यावर.

तारीखच सांगतो. २९ एप्रिल २०१९, सोमवार, सकाळचे साडेसहा. ठाण्यात लोकसभेचं मतदान, त्यामुळे सुट्टी. कोपरीत मित्राच्या वन बीएचकेत अकरा जण. खिडक्यांवर चादरी लावल्या, एका खिडकीला चादर पुरेना म्हणून गोधडी. मित्राची आई आत पोहे करत होती आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती की कोण मेलं. आर्याने मेलेल्यांच्या राजावर उडी घेतली, हात बदलला आणि सुरा खाली सोडून दुसऱ्या हाताने झेलला, तेव्हा अख्खी खोली उभी राहिली. खालच्या मजल्यावरचे काका वर आले, त्यांना वाटलं गॅसचं काहीतरी झालं. आठला खाली उतरलो ते थेट मतदानाच्या रांगेत, आणि रांगेतही तोच विषय. बोटाला शाई लावताना हात अजून थरथरत होता.

काळोख होता हे मान्य. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी वर आपल्यालाच ऐकवलं की लोकांना टीव्हीचं सेटिंग जमत नाही. पण ५५ रात्री थंडीत उभं राहून केलेलं काम आहे ते, जरा तरी मान ठेवा.

आणि आकडे बघा. शेवटचा भाग अमेरिकेत पहिल्याच रात्री १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला. त्या सीझनला ३२ एमी नामांकनं. दहा लाखांहून जास्त लोकांनी 'सीझन परत बनवा' म्हणून सह्या केल्या म्हणे. अहो, ज्याच्याशी देणंघेणं नाही त्यासाठी कोण सही करतं?

घोडबंदर_ग्रस्त

मी कासारवडवलीत राहतो. स्टेशन गाठायला सकाळी एक तास, संध्याकाळी किती ते गायमुखच्या ट्रेलरवर अवलंबून. प्रवासात माणसाचं चरित्र घडतं वगैरे मला सांगू नका, माझं पुरेसं घडून झालंय. घरी आल्यावर पडद्यावर कुणी वेळेत पोचत असेल तर मला आनंदच होतो.

सीवूड्सची_माऊ

मी चौथ्या सीझनला आहे!!! लग्नाचं कळलेलंच होतं, पण आर्याचं आत्ता इथे वाचलं. धन्यवाद हं, कोपरीकर.

अ‍ॅडमिन

शीर्षकात 'कथानक फुटेल' अशी सूचना घालत आहोत. माऊ, २०१९ चा भाग आहे हो. तरी सहानुभूती.

टाइमलाइनवाला

घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत संध्याकाळच्या मालिका एडिट करतो, त्यामुळे गती हा माझ्या पोटापाण्याचा विषय. जरा लांबण लागेल.

आमच्याकडे एपिसोड लांबतो त्याचं कारण कलेशी संबंधित नसतं. बँक संपलेली असते. म्हणजे पुढचे तयार एपिसोड हातात नसतात, आज शूट, उद्या टेलिकास्ट. मग सासूबाईंच्या हातून ताट पडतं आणि घरातल्या सातही जणांचे रिअ‍ॅक्शन शॉट, प्रत्येकी तीन वेळा, वर ढोल. ताट पडायला एक सेकंद, पडल्याचं कळायला पाच मिनिटं. मी हे हसत लिहितोय, पण माझ्या फ्लॅटचा हप्ता त्या ताटावर चालतो.

आता मजा बघा. 'थ्रोन्स'च्या पहिल्या सीझनलाही भाग कमी भरत होते. मालिकेचे कर्ते बेनिऑफ आणि वाइस यांनी मुलाखतींतून सांगितलंय की शूट झालेले भाग लांबीला पुरेनात, म्हणून मागाहून प्रसंग लिहून भरले. त्यातला एक म्हणजे पाचव्या भागातला राजा रॉबर्ट आणि सर्सीचा. नवराबायको वाइन घेऊन बसलेत, हे राज्य इतकी वर्षं कशाच्या जोरावर टिकलं, तर आपल्या लग्नाच्या, यावर दोघंही कडवट हसतात, आणि मग ती विचारते की आपलं कधी जमू शकलं असतं का. पुस्तकात हा प्रसंग नाही. भरताड म्हणून लिहिलेला आणि अख्ख्या मालिकेतल्या पहिल्या पाचांत बसेल असा. म्हणजे भरताड वाईटच असतं असं काही नाही. आमच्या ताटात आणि त्यांच्या वाइनमध्ये फरक एवढाच की तिथे प्रसंग संपेपर्यंत दोन माणसं बदललेली असतात. आमच्याकडे ताट उचलून ठेवतात आणि सगळे होते तिथेच.

दुसरं, पैसे. त्याच सीझनच्या नवव्या भागात टिरियन लढाईला निघतो, त्याच्याच बाजूच्या कुणाच्या तरी हातोड्याचा फटका बसून बेशुद्ध पडतो, डोळे उघडतो तर लढाई आटोपलेली. पुस्तकात तो चांगला लढतो. इथे लढाई दाखवायला पैसा नव्हता, म्हणून हातोडा. आणि त्यामुळेच त्या भागाचा सगळा दम शेवटच्या दहा मिनिटांसाठी शिल्लक राहिला. नेडची मान. (माऊ, हे तुम्ही पाहिलंय.)

पुढे पैसा आला, ड्रॅगन मोठे झाले आणि हातोड्याची गरज संपली. सातवा सीझन ७ भागांचा, आठवा ६. एचबीओची जास्त भाग द्यायची तयारी होती, लिहिणाऱ्यांनाच नको होते. माझ्या धंद्यात हे ऐकून माणसं चहा ओततात अंगावर. चॅनल म्हणतंय आणखी घ्या आणि लेखक म्हणतोय नको, पुरे!

कावळ्याबद्दल: त्या भागाचे दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनी नंतर मान्य केलं होतं की काळाचा हिशेब मुद्दाम धूसर ठेवला, प्रेक्षक ओघात पुढे जातील अशी अपेक्षा होती. एडिटर म्हणून सांगतो, याला इलाज होता. खडकावरचे दोन दिवस दाखवायचे. एक जण थंडीने मरतो तो दाखवलाच आहे, त्याच्या आधी एक रात्र, नंतर एक सकाळ, बर्फ पुन्हा धरताना दिसला पाहिजे. चाळीस सेकंदांचं काम. पाचपाखाडीकरांच्या आईंनी हातातली काडी ठेवली नसती कदाचित, पण कावळ्याचं विचारलं नसतं.

कोपरी_कट्टा

चाळीस सेकंदांसाठी एवढा मोठा प्रतिसाद! दादा, तुमच्याच प्रतिसादाचे रिअ‍ॅक्शन शॉट काढा आधी.

पण वाइनचा प्रसंग भरताड होता हे माहीत नव्हतं. हे मात्र मानलं.

बखरवाचक

रुमाल टाकून ठेवला होता, आज बसायला वेळ मिळाला.

'हाऊस ऑफ द ड्रॅगन'ची गती समजून घ्यायची तर ते मूळ पुस्तक कादंबरी नाही हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. मूळ पुस्तकांचे लेखक मार्टिन यांचं 'फायर अँड ब्लड' (२०१८) ही सरळसरळ बखर आहे. लिहिणारा काही पिढ्यांनंतरचा, समोर तीन साधनं: एक धर्मगुरू, एक पंडित आणि एक मशरूम नावाचा विदूषक. तिघांचं एकमेकांशी पटत नाही आणि विदूषक सगळ्यात चविष्ट खोटं बोलतो. आपल्याकडे भाऊसाहेबांची बखर वाचलेल्यांना हा प्रकार नवा नाही. बखर एका ओळीत दहा वर्षं उडी मारते आणि एका रात्रीसाठी चार पानं खर्चते. कोण कुणाला काय म्हणालं ते सांगते, पण म्हणताना तोंडावर काय होतं ते सांगत नाही. मालिकेला नेमकं तेच भरून काढायचं आहे.

पहिल्या सीझनमध्ये त्यांनी बखरीसारख्या उड्या मारल्या. पाचव्या आणि सहाव्या भागाच्या मध्ये दहा वर्षं गेली, दोन्ही नायिकांच्या नट्या बदलल्या. (क्रिस्टन कोल मात्र जसाच्या तसा. त्याचं तेल कुठलं ते कळवा.) तोटाही झाला. सहाव्या भागात मोठी झालेली लेना भेटते आणि त्याच भागात आपल्याच ड्रॅगनच्या आगीत जाते, हार्विन स्ट्राँगही त्याच भागात जळतो. ज्यांच्या घरी आपण एकदाही चहा प्यायलो नाही त्यांच्या दहाव्याला बसल्यासारखं झालं. पण या उड्यांनी एक गोष्ट साधली. राजा व्हिसेरिसचं शरीर. दर उडीगणिक तो माणूस थोडा थोडा कमी होत जातो. बोटं जातात, हात जातो, डोळा जातो. आठव्या भागात अर्ध्या चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा लावून तो दरबारात सिंहासनापर्यंत चालत जातो ते चालणं त्यांनी पूर्ण दाखवलं. एकही पाऊल गाळलं नाही. वीस वर्षांत पळवलेला सगळा वेळ त्या पंचवीस-तीस पावलांत वसूल झाला. पाचपाखाडीकर, तुमच्या भाषेत तिकीट काढलं.

आणि त्याच रात्री, मरताना, तो राणी अ‍ॅलिसेंटला मुलगी ऱ्हेनिरा समजून पूर्वज एगॉनच्या स्वप्नाबद्दल पुटपुटतो आणि तिला वाटतं आपल्या मुलाला, एगॉनला, गादी द्यायला सांगतोय.

पाचपाखाडीकर

मध्येच बोलतो. त्या क्षणी आई म्हणाली, "हा तर ध चा मा."

बखरवाचक

वा! मातोश्रींना साष्टांग.

फक्त एक भेद. नारायणरावांच्या बाबतीत, ३० ऑगस्ट १७७३, आपण लहानपणापासून ऐकतो ते असं की राघोबादादांच्या पत्रातल्या 'धरावे'चं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं. तिथे कुणीतरी जाणून अक्षर फिरवलं अशी आपली समजूत. इथे कुणीच फिरवत नाही. बाई मनापासून चुकीचं ऐकते, कारण तिला तेच ऐकायचं आहे. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात ऱ्हेनिरा मंदिरात तिला गाठते तेव्हा तिला आपली चूक उमगते, चेहरा उतरतो, आणि तरी ती म्हणते की आता उशीर झाला. माझ्या मते दोन्ही सीझनांचा कणा या दोन प्रसंगांत आहे आणि मधले सगळे ड्रॅगन हा मसाला.

रटाळपणाबद्दल: पानिपताची लढाई एका दिवसाची, १४ जानेवारी १७६१. त्याआधी अडीच महिने दोन सैन्यं समोरासमोर बसली होती. रसद तुटली, जनावरं मेली, झाडांच्या साली खाल्ल्या. पानिपत कळतं ते त्या अडीच महिन्यांमुळे. लढाई लांबवली म्हणून मी दुसऱ्या सीझनला बोल लावणार नाही.

नेरूळची_नणंद

बखरवाचकांशी सहमत, पण हॅरनहाल किल्ल्याच्या बाबतीत बिलकुल नाही.

पानिपतात अडीच महिने रोज काहीतरी संपत होतं. आज दाणा, उद्या पैसा, परवा धीर. ऱ्हेनिराचा नवरा डेमन दुसऱ्या सीझनभर त्या गळक्या किल्ल्यात बसलाय, तिथे काय संपतं? रुसलेला जावई दिवाळसणाला येऊन बसतो ना, जेवतोही नाही आणि जातही नाही, तसा. रात्री स्वप्न पडतं, सकाळी ती अ‍ॅलिस बाई काहीतरी गूढ बोलते, तो दचकतो. पुढच्या भागात पुन्हा रात्र, पुन्हा स्वप्न. पहिली दोन स्वप्नं मला आवडली. तिसऱ्यापासून मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. त्यातल्या त्यात तो म्हातारा सायमन स्ट्राँग होता म्हणून निभावलं, छपरातून गळणाऱ्या पाण्याबद्दल असा काही बोलतो की आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आठवले.

आणि शेवट! आठवा भाग. फौजा निघाल्या, जहाजं निघाली, ड्रॅगन निघाले, संगीत चढत चढत गेलं, आणि संपलं. वरात निघाली, घोडा सजला, बँडवाल्याने तुतारी तोंडाला लावली आणि मांडव दोन वर्षांनी. १० भागांचे ८ केले की असं होणार.

अजून एक. त्याच भागात अ‍ॅलिसेंट ड्रॅगनस्टोनला ऱ्हेनिराच्या दालनात उगवते. युद्ध सुरू आहे, समुद्रात नाकेबंदी आहे, आणि ही बाई जशी काही भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडून आली. दोघींचं बोलणं इतकं छान आहे की मी माफ केलं. पण पाचपाखाडीकर, तुमचा कायदा सगळ्यांना सारखा लावायचा असेल तर ही बाईपण विनातिकीट.

टाइमलाइनवाला

लाँचवर हसून मेलो.

एक भर घालतो. त्या सीझनचं शूट चालू असताना मे २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला. स्क्रिप्ट आधीच पूर्ण होत्या, शूटिंग थांबलं नाही. पण संपावर असलेला लेखक सेटवर उभा राहून 'हे स्वप्न एक कमी करू' असं म्हणू शकत नाही. आमच्याकडे लेखक सेटवर नसला की नट स्वतःच वाक्यं वाढवतात, ते वेगळं दुखणं.

घोडबंदर_ग्रस्त

मला एकच सांगा. डेमनला तिथे अडकलेला बघून मला तो सीझन आवडला. फक्त मलाच?

नेरूळची_नणंद

तुम्ही गायमुखला असता रोज, तुमचं मत बाद.

कोपरी_कट्टा

आता कुणी 'द बेल्स'वर (आठव्या सीझनचा पाचवा भाग, डेनेरिस शहर जाळते तो) बोलणार का? खरी मारामारी तिथे आहे. डेनेरिस अचानक वेडी झाली म्हणतात. अचानक? पहिल्या सीझनमध्ये तिने मिरी माझ डूरला जिवंत जाळलं. मीरीनमध्ये १६३ मालकांना खांबांवर ठोकलं. टार्ली बापलेक शरण आले नाहीत म्हणून भाजले. दुसऱ्या सीझनमधल्या त्या भासात छप्पर उडालेला दरबार आणि वरून पांढरं काहीतरी पडतंय, आपण तेव्हा बर्फ समजलो. सगळं होतं समोर. आपण टाळ्या वाजवत होतो कारण जळणारे आपल्याला आवडत नव्हते. हा मालिकेचा दोष की आपला?

बखरवाचक

हा प्रश्न रास्त आहे, आणि तुमच्या पुराव्यांपैकी एकही मी खोडणार नाही.

पण कीर्तनाला बसलेल्या माणसाला विचारा. पूर्वरंगात बुवा अभंग घेतात, त्यावर निरूपण, दृष्टान्त, निवांत चालतं. मग मध्यंतर, बुक्का, हार, आणि उत्तररंगात आख्यान. आख्यान पळतं, कारण त्याची जमीन पूर्वरंगात नांगरलेली असते. डेनेरिसचा पूर्वरंग तुम्ही मोजून दाखवलात तसा सात सीझनांचा भक्कम. बिनसलं ते उत्तररंगात, चौथ्या भागापासून पाचव्यापर्यंत. ड्रॅगन मेला, मिसांडेचं डोकं उडालं, वॅरिस फितूर झाला, जॉनने पाठ फिरवली. यातल्या एकेका गोष्टीवर पूर्वीची मालिका दोन-दोन भाग थांबली असती. इथे बुवांनी घड्याळाकडे पाहिलं, शेवटची बस आठवली, आणि 'असो, पुढे काय झालं' करत आरतीच लावली. घंटा वाजतात, तिचा चेहरा दिसतो, आणि त्यानंतर तो चेहरा आपल्याला पुन्हा जवळून दिसतच नाही. शहर जळताना आपण खाली रस्त्यावर आर्याबरोबर पळतो. जिच्या मनात काय चाललंय हे कळायला हवं, तिच्याकडेच कॅमेरा जात नाही.

उलट, गती थांबवायची म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. अठरा अक्षौहिणी सैन्य शस्त्रं परजून उभं आहे, शंख वाजलेत, आणि अर्जुन धनुष्य खाली ठेवतो. सातशे श्लोक! एकही श्रोता उठून गेलेला नाही अजून.

कोपरी_कट्टा

शेवटची बस हे आवडलं. पण गीतेशी तुलना म्हणजे धाग्याचा काश्मीर होणार, मी पळतो.

आर्याच्या भावाबद्दल, ब्रॅनबद्दल, कुणी काहीच का बोलत नाही? शेवटी राजा तो. पाचव्या सीझनच्या दहा भागांत तो एकदाही दिसत नाही. एकदाही. मी परवा शोधलं. मीच शेवटचा सीझन आवडणारा माणूस, तरी इथे माझ्याकडे बचाव नाही.

सीवूड्सची_माऊ

ब्रॅन राजा होतो????

अ‍ॅडमिन

कोपरी_कट्टा, एक दिवस प्रतिसाद बंद. (रात्रीपुरताच.)

टाइमलाइनवाला

मार्टिन यांच्या ब्लॉगचा विषय राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'वर नाराजी लिहिली, थोड्या वेळात ती नोंद काढलीही. तक्रार काय, तर मेलोर नावाचं एक लहान पोर मालिकेतून गाळलं. वरवर बघता क्षुल्लक. दोन वाक्यांचं पात्र, सेटवर लहान मूल म्हणजे शिफ्टचे नियम, आयांची सोय, खर्च. पण तो म्हातारा माणूस सांगत होता की हे पोर गेलं की पुढे त्याच्या आईचं जे होतं त्याचं कारणच जातं. मी हे वाचून थांबलो, कारण गेल्याच महिन्यात आमच्या ट्रॅकमधली एक आत्या मी अशीच कापली. बजेट. आता तीन आठवड्यांनी लग्नात भांडण कुणी लावायचं यावर मीटिंगा चालल्यात.

नेरूळची_नणंद

आत्या परत आणा. आत्याशिवाय लग्नात भांडण म्हणजे कावळ्याशिवाय पत्र.

पाचपाखाडीकर, आई कुठवर आल्या?

पाचपाखाडीकर

उशीर झाला, फिजिओथेरपी चालू आहे. पाय आता गुडघ्यापर्यंत माझा वाटतो.

आई दुसऱ्या सीझनच्या चौथ्या भागावर. हॅरनहालला एक अख्खी जुडी आणि अर्धा पाव मटार निवडून झाले, त्यामुळे नणंदबाईंचा मुद्दा अधिकृतरीत्या मान्य. सायमन स्ट्राँग आला की मात्र मान वर करायची. म्हणाली, घर गळतंय तरी पाहुण्याला नीट बोलतो, चांगल्या घरचा दिसतो.

काल रूक्स रेस्टची लढाई. ऱ्हेनिस एकटी मेलिसवर बसून आलीय, समोर आधी एगॉनचा ड्रॅगन, मग झाडीतून ती अजस्र म्हातारी व्हेगार उठते. एकदा निसटते ऱ्हेनिस. जाऊ शकत होती. लगाम वळवते आणि मागे फिरते. आईने विचारलं, "परत का चालली ही?" आणि मग स्वतःच, अगदी हळू, "हं. कळलं."

मेथी परातीत तशीच पडून होती. नंतरही तिने हात लावला नाही. उठून खिडकीशी उभी राहिली, तलावपाळीकडून कुठलीतरी मिरवणूक चालली होती तिचे ढोल ऐकत. साडेनऊ वाजले तेव्हा म्हटलं, आई, जेवायचं काय?

रात्री पिठलं झालं.